कोरडी चादर

आई,

तुला लेकीचा नमस्कार, बाळाला पापा.

सिझेरियननंतर लघवी गळते ती अशक्तपणाने, असंच सगळे म्हणायचे ना? इथल्या डॉक्टरीणबाईंनी लघवीच्या पिशवीत निळं पाणी सोडलं, तर खालून आत ठेवलेला कापसाचा बोळा निळा निघाला. म्हणाल्या, "पिशवीला भोक पडलंय. तुझी चूक नाही." मी रडलेच.

ऑपरेशन झालं. गळू नये म्हणून मी पाणीच प्यायचे नाही, त्यावरून सिस्टरांनी चांगलं झापलं. आता ग्लासावर ग्लास रिचवते. तीन आठवडे लावलेली लघवीची नळी काल काढली.

सकाळी चादर कोरडी होती गं! दोनदा हात फिरवून पाहिला.

तुझे जावई येऊन गेले का? नसतील तर राहू दे.

माझ्या गादीवरचं प्लास्टिक फेकून दे. आल्यावर बाळ माझ्याच कुशीत झोपेल.

तुझी,
थोरली