तेल लावलेला कागद

४ मार्च
चार वर्षं या वहीला हात लावला नाही, माफी असावी. नवी नोकरी लागली आहे: कार्यालयातले जुने कागद श्रेडरमध्ये घालायचे. स्वतंत्र खोली, मोठी खिडकी. मी खूश आहे. आम्ही दोघीच राहतो, मी आणि ताई, माझी थोरली बहीण. सकाळी डबा भरताना म्हणाली, "कागद फाडायला पदवी लागते होय गं?"
आधीच्या लिपिकाने पिनांसकट गठ्ठे कोंबून पात्यांचं वाटोळं केलंय. एका वेळी आठच कागद, पिना काढून. एवढंही जमू नये?
नियम एकच विचित्र. फाइलीतल्या माणसाबद्दल तिघांना विचारायचं. तिघांनीही ओळखलं नाही, तरच नष्ट.

८ मार्च
नुकत्याच निवृत्त झालेल्या भांडारपालाची फाइल मी न विचारताच घातली. या मंडळींना विचारून कळणार काय? पण मन खात राहिलं, म्हणून कबूल करायला गेले. कालपर्यंत त्याचे विनोद सांगून हसणारी टंकलेखिका म्हणते, कोण भांडारपाल? साहेबांचं तेच, शिपायाचं तेच. असल्या विसरभोळ्यांच्या हाती कार्यालय.

११ मार्च
पात्यांना तेल दिलं. रद्दी कागदावर तेलाची नागमोडी रेघ ओढायची आणि तो आत सोडायचा. माझाच रुजू होतानाचा खाडाखोड झालेला अर्ज वापरला. यंत्र कसं मऊ गुरगुरलं.
घरी आले तर कुलूप. या वेळी ताई कुठे जात नाही.

१२ मार्च
तिचा पलंग नाही. भिंतीवर फोटोचा खिळासुद्धा नाही. शेजारीण म्हणते, तुम्ही पहिल्यापासून एकट्याच. मूर्ख बाई.
त्या अर्जावर 'जवळचे नातेवाईक' पुढे ताईचं नाव होतं. कार्यालयात दिलेल्या स्वच्छ प्रतीत तो रकाना मी फालतू म्हणून कोरा सोडला. मूर्ख कोण —

१३ मार्च
श्रेडरच्या पेटीतले अर्जाचे तुकडे जुळवतेय. तेलाने शाई पसरली. डबा भरणारे हात आठवतात. चेहरा — नाव तर —

१५ मार्च
ही वही पिशवीत सापडली. अक्षर माझं, पण मजकूर कुणा रडव्या बाईचा. म्हणे ताई. मला बहीण नाही.
तरी नियम पाळला. टंकलेखिका, शिपाई, शेजारीण. या ताईला कुणीच ओळखत नाही.
हल्ली डबा आणायचा राहूनच जातो.
उद्या: वहीच्या पिना आधी काढून —