हातघाईत गुंतलेला सैनिकही मोजावा

मी, ॲनिशा आग्नेल मच्याडो, वय ३२, व्यवसाय साचे डिझाइन करणे, राहणार पापडी, वसई, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो आजच्या तारखेचा आहे. मंगळवारनंतर तसाच दाखला मिळेल याची खात्री त्याच डॉक्टरांनी दिलेली नाही.

१. मंगळवारी माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूची गाठ काढणार आहेत. मी जगण्याची शक्यता बरी आहे. बोलता, वाचता, लिहिता येण्याची शक्यता किती, हे दोनदा विचारले. दोन्ही वेळा डॉक्टरांनी पेनाचे टोपण लावले आणि काढले. मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते, हे मला माहीत आहे. पण मी जगून मुकी झाले तरी कलम ४ उघडून वाचावे, अशी माझी विनंती आहे.

२. बँकेत जे असेल ते, आणि खाली ज्याचा उल्लेख नाही ते सर्व, माझी आई डेल्फिन हिला. पप्पा गेल्यापासून ती माझ्या खोलीत झोपते आणि मी झोपले आहे का हे बघायला दिवा लावते. तिला रागावू नये.

३. रेझिन प्रिंटर, व्हर्निअर कॅलिपर आणि कानशींचा डबा माझा भाऊ क्लेटन याला. कॅलिपरने बाटलीचे झाकण उघडू नये. त्याने एकदा उघडले आहे. या मृत्युपत्राचा व्यवस्थापकही तोच. शेजारच्या ग्लोरियाआंटींना काही नाही. माझे ठरलेले लग्न मोडले तेव्हा त्या चर्चच्या पायरीवर म्हणाल्या होत्या, "शिकलेल्या पोरींचं असंच, नवऱ्याला पण मोजपट्टी लावतात." माझ्या अंत्यविधीच्या मिस्साला त्या बोलायला उठल्या तर क्लेटनने माइक बंद करावा.

४. हे कलम मुख्य आहे.

'वेढा' हा पटावरचा युद्धखेळ मी आणि हर्षवर्धन सदानंद खामकर, राहणार आचोळे, यांनी मिळून तयार केला. नियम माझे. अंगठ्याएवढे सैनिक मी रेझिन प्रिंटरवर छापले, त्याने रंगवले. आमचे लग्न ठरले होते. त्याचा उल्लेख इथे कारण समजण्यापुरता.

नियमपुस्तिकेत पान ९ वर आहे: दोन शत्रू सैनिकांच्या पायांखालच्या बैठका एकमेकींना टेकल्या की हातघाई सुरू होते आणि त्यात गुंतलेला सैनिक दुसरे काही करू शकत नाही. पान १४ वर आहे: शेवटच्या फेरीनंतर ठाण्यापासून तीन इंचांत ज्याचे सैनिक जास्त, ठाणे त्याचे. गुंतलेला सैनिक या मोजणीत धरायचा की नाही, हे कुठेच लिहिलेले नाही. साच्यात अर्धा मिलिमीटर चुकला तर मला झोप येत नाही. हे वाक्य मात्र राहून गेले.

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी चर्चच्या हॉलमध्ये अंतिम सामना झाला. क्लेटन विरुद्ध हर्षवर्धन, पंच मी. शेवटी ठाण्यापाशी हर्षवर्धनचे पाच सैनिक होते, पाचही हातघाईत. क्लेटनचे सहा होते, चार हातघाईत, दोन मोकळे. सगळे मोजले तर हर्षवर्धनचे पाच आणि क्लेटनचे सहा, असे दिसते. पण क्लेटनचे हातघाईतले चारही सैनिक तीन इंचांच्या बाहेर उभे होते, मोकळे दोनच आत. मी मोजले होते. म्हणजे गुंतलेले धरले तर पाचास दोन, हर्षवर्धन जिंकला. न धरले तर शून्यास दोन, क्लेटन जिंकला.

"ठाणं धरणं म्हणजे काही करणं नाही. नुसतं उभं राहायचं असतं," हर्षवर्धन म्हणाला.

"अरे, गळ्यावर तलवार असताना ठाणं कसलं धरतोस? लेंगा धर आधी!" क्लेटन म्हणाला. हॉल हसला. क्लेटनही हसला. पप्पा गेल्यानंतर सहा महिने तो खोलीतून बाहेर आला नव्हता. त्याचे हसणे मी त्या दिवशी पुन्हा ऐकले.

मी निर्णय दिला: गुंतलेले मोजायचे नाहीत.

हर्षवर्धन हळूच म्हणाला, "ॲनिशा, हे आपण मे महिन्यात ठरवलंय. तू वहीत लिहून घेतलंस. वही दाखव."

मी म्हणाले, "असं काही लिहिलेलं नाही. आणि वही घरी आहे."

वही माझ्या पायाजवळच्या बॅगेत होती. त्यात माझ्याच अक्षरात आहे: 'हातघाईत गुंतलेला सैनिकही ठाण्यासाठी मोजावा. मेलेलाच वगळावा.' खाली हर्षवर्धनची आद्याक्षरे आहेत.

त्याने आणखी तीनदा विचारले, सामन्याबद्दल नाही, वहीबद्दल. मग विचारणे सोडले. माझ्या नंतरच्या संदेशांना त्याने उत्तर दिले नाही. त्यांतही मी खरे लिहिले नव्हते.

म्हणून आज, नियम लिहिण्याचा अधिकार माझ्या डोक्यात आहे तोवर, जाहीर करते: हर्षवर्धनचा अर्थ बरोबर होता. ठाणे त्याचे होते. पुस्तिकेच्या पान १४ वर वहीतले वाक्य जसेच्या तसे छापावे.

५. 'वेढा' या खेळाचे माझे सर्व हक्क, वही आणि २१२ सैनिक हर्षवर्धनला.

६. (हाताने लिहिलेले.) व्यवस्थापक म्हणून नाव तपासायला वरील कागद क्लेटनला दिला होता. तो वाचून स्कूटर घेऊन गेला आणि दीड तासाने हर्षवर्धनला घेऊन आला. "मी हरलो होतो, हे मला तरी सांगायचंस ना गं," एवढेच म्हणून आत गेला.

हर्षवर्धनने कलम ४ उभ्यानेच वाचले.

"दोन वर्षं. आणि हे मला तू मेल्यावर कळणार होतं?"

"मेल्यावर उत्तर द्यावं लागत नाही," मी म्हणाले.

"दुसरा साक्षीदार कोण आहे?"

"ठरला नाही."

"पेन दे."

मी त्याला कायदा सांगितला: साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस तर कलम ५ रद्द. सगळे उरलेल्या मालमत्तेत जाऊन मम्मीकडे जाईल आणि मम्मी तुझे सैनिक नाताळच्या गोठ्यात मेंढपाळ म्हणून उभे करेल.

"करू दे. तुझ्या मरणातून मला काही नको. द्यायचंच असेल तर स्वतः दे."

मी म्हणाले, बुधवारी मला 'घे' हा शब्द येत नसला तर?

तो अजून समोर बसला आहे.   डॉक्टरांच्या मते मान हलवता येईल. त्याने वही घेऊन यावे, ते पान उघडून बोटाने दाखवावे आणि हे लिहिलेले आहे का, असे पुन्हा विचारावे. मी हो म्हणेन.

कलम ५ मी खोडलेले नाही. ते रद्द होणार हे जाणून मी दोघा साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ॲनिशा आग्नेल मच्याडो

साक्षीदार, एकमेकांच्या आणि तिच्या समक्ष:
१. मर्लिन फ्लॉईड लोपीस, शिक्षिका, पापडी
२. हर्षवर्धन सदानंद खामकर, आचोळे, नालासोपारा पूर्व

पापडी, वसई. रविवार, १६ नोव्हेंबर २०२५.