बाईंचा बसलेला घसा

माय, उन्हाळ्यात धाकटीला शिबिराला घातलं. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, शिबीर म्हणजे काय. आबानंही तेच विचारलं आणि तिथंच घोळ झाला. गुर्जी म्हणाले होते, ऐकू न येणारी तुझी बहीण मी वर्गात कशी बसवू, आधी एखाद्या शिबिरात चार पोरांत राहून दाखवू दे, मग नाव घालतो. म्हणून मी तेलंगणातल्या रेल्वेच्या कामावरून सुट्टी काढून गावी आलो आणि आबाला म्हटलं, हिला क्यांपात घालायची. आबाच्या डोक्यात क्यांप म्हणजे पोलीस ॲक्शनच्या वक्ताला माळावर उतरलेली मिलिटरी. "तिच्यानं बंदूक उचलायची न्हाई," म्हणाला. बरं, छावणी म्हणून बघितलं. "छावणी जनावरांची असती. वैरण फुकट देतेत का?" शेवटी गुर्जींचाच शब्द काढला, शिबीर. आबा घाबरला. "कुणाला झालं?"

मला तुझं पितळी ताट आठवत होतं. भाकरी झाली की तू दारात येतेस, ताट उन्हात तिरकं धरतेस आणि लिंबाखाली माती खात बसलेली धाकटी, तोंडावर उजेड पडला की उठून घराकडं पळत सुटते. मी मात्र तिला हाका मारमारून दमायचो. "कुणाला वरडायलास? तिला का भिताडाला?" असं तू एकदा सगळ्यांदेखत बोललीस. लय लागलं होतं तेव्हा. पण ते बोलणं ध्यानात राहिलं. म्हणून आबाला आणि धाकटीला घेऊन जागा बघायला निघालो, तेव्हा विचारायचं एकच ठरवलं होतं: पोरांना बोलावता कशानं?

बोरीच्या शिबिरात मास्तरांच्या गळ्यात शिट्टी होती. एक वाजली की उठायचं, दोन वाजल्या की बसायचं. मी म्हटलं, हिला शिट्टी ऐकू येत नाही. "मग मोठ्यानं वाजवू," मास्तर म्हणाले, आणि वाजवलीच. बाजूचा बैल दावं तोडून पळाला, आबा कान धरून खाली बसला, आणि धाकटी मास्तरांच्या फुगलेल्या गालांकडं बघून पोट धरून हसायली.

सोनपेठच्या शिबिरातल्या बाई बोलायलाच तयार नाहीत. मी विचारलं तर गळ्याकडं बोट दाखवलं. पहिल्याच आठवड्यात पोरांवर ओरडून घसा बसलेला. सगळा कारभार हातावर चाललेला. हात तोंडाकडं गेला की जेवण, गालाखाली गेला की झोप. सगळी पोरं त्यांच्या हाताकडं टक लावून. बाईंनी हात तोंडाकडं नेला तशी धाकटी सगळ्यांच्या आधी पंगतीत जाऊन बसली, पाट्यावरून वरवंटा घरंगळावा तशी. आबाला बाईंची लय कीव आली. "बाई, जेष्ठमध धरा दाढंखाली. दोन दिसात घसा मोकळा हुईल."

मी त्याला बाजूला ओढलं. "आबा, काहून बरा करायलास? घसा सुटला तर आपल्या पोरीचं काय?"

बाईंना ते ऐकू गेलं. हसून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "येऊ द्या हो घसा. आता वरडतंय कोण? वरडून एक ऐकत नव्हतं, आता बघा कसे गप बसलेत."

धाकटीला तिथंच ठेवलं. निघताना तिला बोलवावंसं वाटलं. माझ्या डब्याचं झाकण उन्हात धरलं. तिच्या गालावर उजेड पडला, तिनं वळून बघितलं आणि हातानंच मला सांगितलं: जा, मी जेवायलेय. मग पुन्हा पानाकडं वळली.

मी कामावर परतलो आणि गुर्जींनी नाव घातलं, असा आबाचा निरोप आला. तिला बोलवायला तुझं ताट शाळेत नेऊन दिलंय आणि आबा आता परातीत जेवतो म्हणे.

हे तुला कळवावं म्हणून लिहायला बसलो आणि इथवर आल्यावर ध्यानात आलं, तुला वाचता कुठं येत होतं. मग काल दुपारी यार्डात कुणी नाही बघून डब्याचं झाकण वर उन्हात धरलं. तुला दिसलं का नाही, ठावं नाही. येणारं इंजिन मात्र थांबलं. ड्रायव्हर उतरून आला. "किसको इशारा करता रे?"

डबा पुसायलो, म्हटलं.