टोपलीतली भाकर

घाटंजी, सोमवार, पौष, १९६२

या मास्तरले शिकवाले दुसरं काही नाही काय? नववीच्या पोट्ट्याईले म्हणे, घरी जे बोलणं कानावर पडते ते जसंच्या तसं लिहून आणा. घरातल्या गोष्टी वर्गात कायले? हेच इचाराले आज नातीच्या हायस्कुलात गेली. दारातूनच मास्तरले झाडलं.

मास्तर म्हणाले, "आजी, बसा. लीलानं काय लिहिलं ते आधी ऐका तरी."

"वाच वं," म्हटलं मी. "पाहू काय दिवे लावले तं."

लीलानं वाचलं. माझंच बोलणं. काल जेवताना सुनेले म्हटलं होतं, "दुसरी भाकर घेऊन राह्यली? बापाच्या घरी एक तरी भेटे काय तुले?" शब्द न शब्द माझा. वाटलं, आता पोट्टे हासतील. कोणीच हासलं नाही. मंग तिनं पुढचं वाचलं, "आईनं भाकर टोपलीत परत ठेवली अन् पाणी पिऊन उठली."

ती भाकर मले दिसलीच नाही. दोन हातावर बसली होती मी. डोळे कुठं होते माझे?

तशीच घरी आली. सांजच्याले सुनेनं एकच भाकर घेतली. मी टोपली तिच्याकडं सरकवली.

"नको, आत्याबाई," म्हणाली. पुन्हा सरकवाले हात झाला नाही. मंग तिनं इचारलं, "शाळेत काय झालं?" लीला माझ्या तोंडाकडं पाहून राह्यली. मी उठून इकडं वही घेऊन बसली.

उद्या सून पुन्हा इचारीन. लीलानं मधात तोंड उघडाचं नाही. जवाब मीच द्याचा, त्या भाकरीचाही.