कॅमेऱ्याच्या फोल्डरला मीच कुलूप घातलं

बाबा महाशय,

लॅपटॉपवरचं पाळण्याच्या कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडत नाहीये. पुन्हा इन्स्टॉल करत बसू नकोस. आपल्या लेकीचे व्हिडिओ चुकून पुसले जातील या धास्तीने मी काल अख्खा फोल्डरच 'फक्त वाचा' करून ठेवला. अ‍ॅपचं बिऱ्हाडही त्यातच आहे, हे ध्यानातच आलं नाही. आता त्याला स्वतःच्या घरात काही लिहिता येत नाही, म्हणून रुसलंय. फोल्डरच्या परवानग्यांमध्ये 'लिहिणे'वर खूण कर, की चालेल. बाळंतपणाच्या रजेनंतरच्या पहिल्याच दिवशी मला उशीर नको म्हणून मी निघाले, आणि दुपारी ऑफिसात डबा खाताना तिला फोनवर बघायचंय.

लॅपटॉप पाळण्यापाशीच आहे. ती झोपली असली तर मात्र खटखट नको, तूही शेजारी पड. मी कळ काढीन. फोन करणार नाही. फार नाही करणार.