मावशीची मूठ

प्रिय व्हर्लिन,

तुझं पत्र पोचलं. सतरा तारखेला तू टोरांटोहून येतेस, तुझ्या आईच्या पुतळ्यावरचा पडदा तूच ओढणार, हे वाचता वाचता माझं चुलीवरचं ब्रेडफ्रूट करपलं. मंत्री तीनदा जागा बघून गेला. बुटात वाळू शिरली म्हणून काय थयथयाट! सिप्रियन असता तर अनवाणी आला असता. आता विमानतळाला, शाळेला, रमच्या बाटलीलासुद्धा त्याचं नाव आहे. ज्यांनी त्याला मारलं त्यांचीच पोरं त्याच्या नावावर मतं मागतात. निर्लज्ज मेले!

तो दिवस तू फक्त ऐकलास, तू तेव्हा शहरात नर्सिंग शिकत होतीस. सैन्याने सरकार उलथवलं आणि सकाळी सिप्रियन माझ्या दारात उभा. खांद्यात गोळी, शर्ट रक्ताने चिकटलेला. पंतप्रधान माणूस, पण म्हणतो कसा, "ऑल्मा, आधी चहा दे, मग मरतो." उसाच्या मळ्यातल्या संपातही मार खाऊन आला की हेच म्हणायचा. मी आधण ठेवलं तोच वाळूवर दोन ट्रक थांबले. कप्तान ओरडला, "बाहेर काढ त्याला, नाहीतर घर पेटवतो!" सिप्रियनने मला बजावलं, "गावाला यात ओढू नकोस." मी ऐकलं नाही. अख्ख्या गावादेखत कोण गोळी घालेल, असं वाटलं मला. मागच्या खिडकीतून उतरले आणि शंख फुंकला.

टेकडीवरून माणसं धावत आली. ती गर्दी बघून शिपाई बिथरले आणि सुटले गोळ्या झाडत. बारा जण वाळूतच गेले. मावशी, तुझी आई, सगळ्यांच्या पुढे होती, तिच्या गळ्यात गोळी लागली. मी तळहाताने दाबून धरलं, पण रक्त बोटांमधून उसळतच राहिलं. सिप्रियन हात वर करून बाहेर आला, "त्यांना सोडा" म्हणाला. त्याला माझ्या उंबऱ्यावर सात गोळ्या घातल्या. चहा तसाच राहिला.

तेव्हापासून दरवर्षी तेच भाषण: हाक ऐकून गाव नेत्यासाठी छातीचा कोट करून उभं राहिलं. तूही अभिमानाने सांगतेस, आणि मी मेली मान डोलावते. काल पडदा उचलून पुतळा पाहिला. मावशीच्या हातात उगारलेला दगड दिलाय.

व्हर्लिन, आपल्याकडे संकटाचा शंख एक लांब, मासळी आल्याचा तीन आखूड. लांब फुंकला तर सगळे दारं लावून बसतील, या भीतीने मी तीन आखूड फुंकले. लोक मासळी घ्यायला आले गं! टोप, पराती घेऊन, हसत, पुढे नंबर लागावा म्हणून ढकलाढकली करत. कोणाला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना मी आणलं. तू तो पडदा ओढायच्या आधी हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं. मग माझं तोंड पाहू नकोस, चालेल मला. पण तो दगड खोटा आहे. मावशीची मूठ मीच सोडवली होती. आत मासळी धुवायचं लिंबू होतं.

तुझीच,
ऑल्मा