दोनशे बारा

नागपूर, ऑगस्ट १९५८

नागोरावदादा,

आधीची दोन पत्रं फाडली. हे धाडणार नाही, ट्रंकेतच ठेवीन.

मारेगावचा पाऊस मोजून तुवा आमच्या हवामान कचेरीत तार केली: दोनशे बारा. नवीन मिलिमीटरचं माप तुले नुकतंच भेटलं होतं. मले वाटलं, दादानं सवयीनं जुन्याच इंचाच्या मापानं मोजलं. त्या मापात एका इंचाचे शंभर भाग, म्हणून दोनशे बारा म्हणजे दोन इंचावर थोडासा पाऊस. तुले न इचारता मी चोपन्न मिलिमीटर लिहिले. खालच्या वस्तीले पुराचा इशारा गेलाच नाही.

तुह्यं माप बरोबर होतं. नाल्याच्या पुरात त्या वस्तीतली आपली धाकटी बहीण इंदू गेली.

आता तू लिहितं, "माही तार उशिरा भेटली काय रे?"

येळेवर भेटली होती, दादा.

तुहा उकंडा